जखमेचा हिशेब

हात गेला, पाय मोडला, घरातला कमावता माणूस गेला, की खानदेश-निमाडच्या सरहद्दीवर एकच प्रश्न विचारला जातो : केस लावायची की मिटवायची? बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या जसोंडीत तो जसा पडतो तसाच सरहद्दीपलीकडे रावेरलाही पडतो. विचारणारा असे धरून चालतो की केस लावायची म्हणजे वकील करायचा आणि मिटवायची म्हणजे वकिलावाचून भागवायचे. या समजाला दीडशे वर्षांहून जुना इतिहास आहे, आणि तो इतिहास नीट पाहिला तर समज अर्धाच खरा ठरतो. माझे म्हणणे असे की भरपाईच्या कायद्याने टप्प्याटप्प्याने 'चूक कोणाची' हे सिद्ध करण्याचे ओझे जखमी माणसाच्या डोक्यावरून उतरवले. ते उतरवताना वकिलाची गरजही सरेल, अशी कायदा करणाऱ्यांची मनापासून अपेक्षा होती. गरज सरली नाही. तिने जागा बदलली. पूर्वी वकील लागे तो दोष कोणाचा हे दाखवायला, आता लागतो तो नुकसान किती झाले हे दाखवायला. ही बदललेली जागा ज्याला ओळखता येते, त्याला वकील कधी करावा आणि कधी न केला तरी चालेल हे स्वतःच ठरवता येते.

जखमेची भरपाई ही कल्पना इंग्रजांबरोबर आली असे मानण्याचे कारण नाही. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये निजामाने बुऱ्हाणपूर आणि असीरगड पेशव्यांच्या हवाली केले, आणि पुढे हा मुलूख शिंद्यांकडे गेला. पेशवाईच्या दप्तरांत लढाईत कामी आलेल्या माणसाच्या मुलाबाळांना 'बालपरवेशी' म्हणून नेमणूक दिल्याच्या नोंदी सापडतात. धनी आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडत नाही, ही रीत त्यामागे होती. तिच्यात माया होती, धन्याची अब्रूही होती. पण ती हक्काने मागता येत नव्हती. दिली तर मिळाली, न दिली तर दाद मागायची ती धन्याच्याच दारात. शिवाय ती शिपायाला होती. तापीकाठी नांगर धरणाऱ्याला किंवा बुऱ्हाणपुरात मागावर बसणाऱ्या विणकराला ती लागू नव्हती. आजही मालक म्हणतो, 'दवाखान्याचा खर्च मी करतो, केस नको,' तेव्हा ही जुनी रीतच बोलत असते. ती खोटी असतेच असे नाही. शब्द पाळणारे मालक असतात. पण दवाखान्यातून घरी आल्यावर पुढच्या तीस वर्षांचे काय, याचे उत्तर त्या रीतीत कधीच नव्हते.

इंग्रजी कायद्याने हक्क आणला, पण फार अवघड अटींवर. जुन्या इंग्रजी नियमाप्रमाणे माणूस मेला की त्याला झालेल्या इजेचा दावाही त्याच्याबरोबर मरत असे. पाय मोडला तर दावा करता येई, जीव गेला तर घरच्यांना काही नाही. रेल्वे आल्यावर इंग्लंडने १८४६ मध्ये हा नियम बदलला आणि त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८५५ चा १३ वा कायदा, म्हणजे प्राणांतिक अपघातांचा कायदा आला. नवरा, बायको, आईबाप आणि मुले यांना दावा करण्याची वाट मिळाली. १८६० च्या दशकात भुसावळहून खांडव्याकडे जाणारी लोहमार्गाची गाडी बुऱ्हाणपूरजवळून धावू लागली, तेव्हा हा कायदा पुस्तकात होताच. पण तो वापरायचा तर दिवाणी कोर्टात जायचे, मागितलेल्या रकमेच्या मानाने कोर्ट फी भरायची आणि समोरच्याचा हलगर्जीपणा साक्षीपुराव्याने सिद्ध करायचा. त्यात इंग्रजी न्यायालयांनी १८३७ पासून आणखी एक आडकाठी उभी केली होती : सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली असेल तर मालक जबाबदार नाही, कारण नोकरी धरतानाच कामगाराने तो धोका पत्करला, असा तर्क. म्हणजे इंजिनात, रुळांत किंवा सिग्नलात काय बिघडले आणि ते नेमके कोणामुळे बिघडले, हे खलाशाच्या विधवेने दाखवून द्यायचे. वकिलावाचून हे होणारच नव्हते, आणि वकील करण्याची ऐपत ज्या घरात होती त्या घरातला माणूस सहसा खलाशी नसे. केस म्हणजे वकील ही गाठ लोकांच्या मनात याच काळात पक्की बसली, आणि त्या काळापुरती ती बरोबर होती.

हे ओझे कामगाराच्या डोक्यावरून काढा, ही मागणी आपल्याकडे प्रथम जोरात उठली ती कोर्टाबाहेर. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. पुढाकार होता नारायण मेघाजी लोखंडे यांचा : सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणीतले काम आतून पाहिलेला माणूस. सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगापुढे ठेवण्यासाठी तयार झालेल्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या आणि अंगठे उमटवले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, या चार मागण्या शाळेच्या पुस्तकांतूनही येतात. पाचवी सहसा मागे राहते, आणि माझ्या मते तीच सर्वांत दूरदृष्टीची होती. कामावर जबर इजा होऊन कामगार काही काळ निकामी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, असे ती मागणी सांगते. तिच्यात चूक कोणाची हा शब्दच नाही. पट्ट्यात हात कसा गेला, कोणी लक्ष दिले नाही, कोणाचा डोळा लागला, याची चौकशी करून मग पोट भरायचे की नाही ते ठरवा, असे हे कामगार म्हणत नव्हते. इजा झाली, काम करताना झाली, एवढे पुरे. त्याच वर्षी जर्मनीने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा याच तत्त्वावर केला. इंग्लंडला तिथवर यायला १८९७ उजाडले. परळच्या त्या सभांतल्या माणसांना युरोपातल्या कायद्याच्या चर्चा ठाऊक असण्याची गरज नव्हती. यंत्र माणसाचे बोट मागताना चूक कोणाची ते विचारत नाही, हे त्यांना रोजच दिसत होते.

रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. पाचव्या मागणीला जवळजवळ चाळीस वर्षे वाट पाहावी लागली. या मधल्या काळात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, बुऱ्हाणपुरात ताप्ती मिल उभी राहिली आणि ज्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग चालला होता तिथे पट्टे, चाके आणि वाफ आली. हातमागावरचा विणकर थकतो, त्याचे डोळे जातात, छाती भरते. पण माग त्याचा हात ओढून नेत नाही. गिरणीने दुखापतीची जातच बदलली. आणि त्या गिरणीत पहिल्या वर्षांत बोटे गमावलेल्या कामगाराला कायदा होता तो जुना दिवाणी दाव्याचाच. पुढे ना. म. जोशी यांच्यासारखे कामगारांचे प्रतिनिधी मध्यवर्ती कायदेमंडळात बसले, तिथे भरपाईचा प्रश्न निघाला आणि १९२३ चा ८ वा कायदा झाला. तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. बुऱ्हाणपूर तेव्हा मध्य प्रांतात होते. या कायद्याखालच्या निकालावर अपील उच्च न्यायालयात जाई, म्हणजे १९३६ पासून मध्य प्रदेशाच्या पुनर्रचनेपर्यंत नागपूरला आणि १९५६ नंतर जबलपूरला.

१९२३ चा कायदा आज कोणी वाचला तर त्याच्या रचनेतच एक निर्धार जाणवतो : हे प्रकरण शक्यतो वकिलांच्या हाती जाऊ नये. दिवाणी कोर्टाऐवजी आयुक्त. हलगर्जीपणाच्या पुराव्याऐवजी एकच कसोटी, इजा कामातून आणि काम चालू असताना झाली का. रकमेवर वाद नको म्हणून तीही कायद्यातच ठरवलेली : प्रौढ कामगार मेला तर ३० महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांतले जे कमी असेल ते, कायमचा पूर्ण निकामी झाला तर ४२ महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रुपये, पुन्हा जे कमी असेल ते. अवयवांसाठी परिशिष्टात तक्ता, अमुक गेले तर कमाईची शक्ती इतके टक्के गेली. आजच्या तक्त्यात अंगठ्याला ३० टक्के, तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२, अनामिका किंवा करंगळीला ७ टक्के. मृत्यूची रक्कम मालकाने परस्पर वारसांच्या हातात द्यायची नाही, आयुक्तांकडे भरायची, म्हणजे ती सावकाराकडे किंवा भाऊबंदांकडे वळणार नाही. भरपाईचा हक्क सोडून देतो असे कामगाराने लिहून दिले तरी ते लिहिणे रद्द. आपसात तडजोड झाली तर तिची नोंद आयुक्तांकडे करायची. आणि आयुक्तांपुढे उभे राहण्यासाठी वकीलच हवा असे नाही. नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही कामगाराच्या वतीने उभा राहू शकतो. स्टॅम्प पेपरवर सही केली, आता काही होणार नाही, असे म्हणून हातपाय गाळून बसलेल्या कामगाराला यातले एकच वाक्य कोणी वेळेवर सांगितले असते तर किती घरे सावरली असती, असे हा कायदा वाचताना राहून राहून वाटते.

हा कायदा अपुरा होता हे खरेच. कमाल रकमा तोकड्या होत्या आणि बरेच उद्योग बाहेर होते. मृत्यू नसेल आणि कामगाराने संरक्षक जाळी मुद्दाम काढली किंवा दारू पिऊन काम केले असेल, तर मालक सुटे, म्हणून जाळी काढली होती हे मालकाचे ठरलेले उत्तर झाले. सोबतच्या कामगाराच्या चुकीची जुनी आडकाठी दिवाणी दाव्यांतून दूर व्हायला १९३८ चा वेगळा कायदा लागला. १९४८ मध्ये राज्य विम्याचा कायदा आला. जिथे तो लागू झाला तिथे कामगाराने भरपाई मालकाकडून न मागता विमा महामंडळाकडून घ्यायची, आणि आयुक्तांची वाट त्याला बंद. ताप्ती मिल १९७४ मध्ये राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेली. पण बुऱ्हाणपूरचे कापड तेव्हा गिरणीपेक्षा यंत्रमागावर अधिक विणले जाऊ लागले होते, आणि यंत्रमागाच्या लहान शेडमध्ये दहाच्या खाली कामगार असले की राज्य विमा लागत नाही. तिथे १९२३ चाच कायदा आधाराला येई, कारण विजेवर उत्पादन होत असेल तर त्याच्या यादीत कामगारांच्या संख्येची अट नव्हती. शेतीतही ट्रॅक्टर किंवा विजेच्या यंत्राने काम चालत असेल तर मजूर या कायद्यात येई, हे गावागावांत फार थोड्यांना माहीत असे. मळणीयंत्राने हात तोडण्याचे प्रकार एवढे वाढले की १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा केला आणि त्यात यंत्र चालवताना जखमी झालेल्या मजुराच्या भरपाईचीही तरतूद ठेवली. २०१० पासून १९२३ च्या कायद्याचे नाव कर्मचारी भरपाई कायदा झाले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. सांगाडा मात्र लोखंड्यांच्या पाचव्या मागणीचाच राहिला.

मग वकील कुठे परत आला? तक्त्यातच आला. बोटाला, मनगटाला, कोपराला टक्के लावले की प्रश्न सुटेल असे १९२३ मध्ये वाटले होते. ओडिशात सिनेमागृहाच्या नक्षीकामावर असलेला एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर तोडावा लागला. तक्ता सांगत होता ७० टक्के. मालकाचे म्हणणे, तेवढेच द्यायचे. आयुक्तांनी मात्र १०० टक्के धरले, आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये तेच कायम केले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते, हेही त्याच निकालात ठरले. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा सांधा इथे आहे. शरीराचा तक्ता सगळ्यांना सारखा, पण धंदा सारखा नसतो. डावा हात गेलेला कारकून लिहीत राहील. केळीचे घड डोक्यावर घेऊन ट्रक भरणारा हमाल काय करील? २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघाताच्या खटल्यांसाठी हेच तत्त्व उलगडून सांगितले : डॉक्टरांचा दाखला शरीर किती टक्के अधू झाले ते सांगतो, कमाई किती टक्के गेली ते न्यायाधिकरणाने त्या माणसाचे काम बघून ठरवायचे. याचा आकड्यांत अर्थ काय होतो ते पाहू. समजा ३० वर्षांचा, महिन्याला १२,००० रुपये मिळवणारा मजूर. वर्षाचे १,४४,००० रुपये. २०१७ च्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या अशा माणसाची पुढची वाढ ४० टक्के धरली तर २,०१,६०० रुपये. २००९ पासून रूढ असलेल्या गुणकाच्या तक्त्यात त्याच्या वयाला १७. गुणाकार येतो ३४,२७,२०० रुपये. कमाईची हानी दाखल्यावरच्या ६० टक्क्यांइतकीच धरली गेली तर त्यातले २०,५६,३२० पदरात पडतात, १०० टक्के मानली गेली तर सगळे. मधले १३,७०,८८० रुपये हे एकाच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहेत : हा माणूस आता कोणते काम करू शकतो? ते उत्तर डॉक्टरची उलटतपासणी, ठेकेदाराची साक्ष, हजेरीची वही यांतून उभे करावे लागते. दोष सिद्ध करण्याचे काम कायद्याने कमी केले, हे काम त्याला कमी करता आले नाही, आणि ते नवख्या माणसाने एकट्याने करण्यासारखे नाही.

रस्त्याच्या बाबतीत हीच वाटचाल उशिरा पण वेगाने झाली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला आणि ती सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने अपघाताचे दावे दिवाणी कोर्टातून काढून न्यायाधिकरणाकडे दिले. १९८२ मध्ये प्रथमच दोष न विचारता ठरावीक रक्कम आली, मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये. पुढे ती वाढत गेली, आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीत मृत्यूला ५ लाख, गंभीर इजेला अडीच लाख झाली. सरहद्दीवरच्या माणसाच्या दृष्टीने १९९४ ची दुरुस्ती मला सर्वांत मोलाची वाटते. त्याआधी दावा जिथे अपघात घडला तिथल्याच न्यायाधिकरणात चाले. सरहद्द ओलांडून महाराष्ट्रात पाऊल टाकले आणि रावेरजवळ ट्रकने उडवले, तर बुऱ्हाणपूर तालुक्यातल्या विधवेला जळगाव जिल्ह्यातल्या तारखा सांभाळाव्या लागत. १९९४ पासून दावेदार जिथे राहतो तिथेही दावा करता येतो. राज्याची हद्द ओलांडून आलेल्या दुःखाचा खटला आपल्या जिल्ह्यात चालतो, ही लहान गोष्ट नाही.

पण ठरावीक रक्कम आणि मोजलेली रक्कम यांच्यात एक दार आहे, आणि ते एकाच बाजूने उघडते. दोष न विचारता मिळणारे पाच लाख किंवा अडीच लाख विमा कंपनीच्या तडजोडीतून स्वीकारले, की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. नव्या कायद्याप्रमाणे विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत देकार द्यायचा आहे. देकार येतो तेव्हा घरात सुतक असते, दवाखान्याची उधारी असते, आणि समोर खरी रक्कम दिसत असते. वयस्क, कमाई नसलेल्या माणसाच्या बाबतीत ती घेणे शहाणपणाचे असू शकते. वर ज्याचा हिशेब केला त्या तिशीतल्या मजुराच्या बाबतीत अडीच लाखांवर सही करणे म्हणजे तीस लाखांवर पाणी सोडणे. म्हणून वकिलाकडे जायची खरी वेळ देकारावर सही करण्याच्या आधीची आहे, भांडण पेटल्यानंतरची नाही. दुसरी वेळ विमा कंपनी हात वर करते ती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वऱ्हाड चालले होते, ट्रकच्या मालावर बसून ओळखीचा माणूस निघाला होता, अशा अपघातांत मालवाहू गाडीतून फुकट जाणाऱ्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मात्र विम्यात येतो. गाडीत तो नेमका कोण म्हणून बसला होता, यावर सगळे ठरते, आणि पहिल्या पंचनाम्यात काय लिहिले गेले त्यावर ते ठरते.

याच्या उलट बाजूही आहे. मजुरी निर्विवाद आहे, अपघात कामावर झाल्याचे मालक नाकारत नाही, इजा तक्त्यात सरळ बसते, तिथे कामगार संघटनेचा जाणता माणूस पुरतो. अज्ञात वाहनाने उडवले असेल तर सरकारी निधीतून मृत्यूला २ लाख, गंभीर इजेला ५० हजार. अर्ज महसूल खात्याकडे, वकील कशाला? रेल्वे अपघातात मृत्यूची रक्कम २०१७ पासून ८ लाख ठरलेली आहे, तिथे वाद रकमेचा नसतो. वाद असतो तो प्रवासी गाडीतून पडला की रूळ ओलांडत होता याचा, आणि मयताच्या अंगावर तिकीट सापडले नसेल तरच वकिलाची गरज गंभीर होते. मुदतींकडे मात्र कोणीच दुर्लक्ष करू नये. रेल्वेच्या न्यायाधिकरणाला एक वर्ष, कामगार भरपाईला दोन वर्षे, आणि २०२२ पासून मोटार अपघाताला सहा महिने. या शेवटच्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण निकालाच्या भरवशावर थांबणे धोक्याचे आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : वकील निम्मे खातो. हा आक्षेप निराधार नाही, म्हणून त्याला इतिहासातूनच उत्तर द्यावे लागते. कोर्टाच्या आवारात पक्षकार गाठून वकिलाकडे नेणाऱ्या दलालांची यादी करून त्यांना कोर्टात येण्यास बंदी करण्याची तरतूद १८७९ च्या वकिलांविषयीच्या कायद्यात होती. तो जुना कायदा रद्द करताना २०२३ मध्ये तीच तरतूद वकिलांच्या नव्या कायद्यात पुन्हा घालावी लागली. एवढ्या वर्षांत रोग गेला नाही, हे मान्य करू. पण निकालातल्या रकमेचा वाटा फी म्हणून ठरवणे आपल्याकडे वकिलाला मना आहे, आणि २०१७ मध्ये एका मोटार अपघाताच्याच भरपाईवरून असा वाटा मागणारी फी सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. अमेरिकेत टक्केवारी चालते, म्हणून इथेही चालते असे समजू नये. 'एवढे टक्के' असे कोणी बोलला तर तिथून उठणे हेच बरे. शिवाय १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील देण्याची व्यवस्था केली. अपघातात नवरा गमावलेली कोणतीही बाई त्यात बसते. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाचे दार ठोठावायला पैसे लागत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. खटला वर्षानुवर्षे चालतो, चार माणसांत बसून मिटवले तर निदान आज घास मिळतो. या आक्षेपाचा सर्वांत मोठा पुरावा मध्य प्रदेशाने पाहिला आहे. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये एका अमेरिकी कंपनीच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. काही दिवसांतच अमेरिकी वकील तिथे उतरले आणि वस्त्यांमध्ये फिरून वकीलपत्रांवर अंगठे घेऊ लागले. ते थांबवण्यासाठी संसदेने १९८५ च्या कायद्याने सर्व पीडितांच्या वतीने लढण्याचा अधिकार एकट्या केंद्र सरकारकडे घेतला. मग फेब्रुवारी १९८९ मध्ये सरकार आणि कंपनी यांच्यात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि ज्यांच्या फुप्फुसांचा सौदा होता त्यांना आधी विचारले गेले नव्हते. त्या रकमेत वाढ मागणारी सरकारची याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. मिटवण्याला माझा विरोध नाही; लोकअदालतीत रोज चांगल्या तडजोडी होतात. पण भोपाळचा धडा असा, की नुकसान पुरते मोजण्याआधी झालेली तडजोड स्वस्त पडते, आणि ती करणारा हितचिंतक असला तरी स्वस्तच पडते. गावच्या बैठकीतही तेच होते. तिथे आजचे बिल मोजले जाते, उद्याची कमाई मोजायला कोणी बसलेले नसते.

खोट्या दाव्यांचा आक्षेपही घेतला जातो, आणि उत्तर प्रदेशात बनावट मोटार अपघात दाव्यांच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमावे लागले हे खरे आहे. पण अशा दाव्यांचा भार शेवटी खऱ्या जखमी माणसावरच पडतो. त्याच्या प्रत्येक कागदाकडे संशयाने पाहिले जाते. म्हणून पहिल्या दिवसाचा कागद, म्हणजे पोलिसांची नोंद, दवाखान्याची पोलीस-नोंद असलेली चिठ्ठी, वाहनाचा क्रमांक, कामावरची हजेरी, ही प्रामाणिक माणसाची ढाल आहे. ती वकील येण्याआधी तयार व्हावी लागते. नंतर कोणताही वकील ती घडवू शकत नाही.

आणि जिथे चूक विचारायचीच नाही असे कायदा निःसंदिग्धपणे सांगतो, तिथेही माणूस कसा अडतो हे मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात दिसते. ऑगस्ट १९९७ मध्ये रात्री सायकलवरून घरी जाणारा एक माणूस रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेवर गेला आणि मेला. वीज मंडळाचे म्हणणे होते की कोणीतरी वीज चोरण्यासाठी ती तार ओढली होती, आमचा दोष नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले की वीज पुरवण्यासारखे धोक्याचे काम जो करतो त्याच्यावर दोष नसतानाही जबाबदारी येते. तार कोणी ओढली याने ती टळत नाही. परळच्या निवेदनात ५,५०० माणसांनी मागितले होते ते हेच. पण तत्त्व इतके स्वच्छ असूनही त्या घराला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. केळीच्या बागांवरून, मागांच्या शेडवरून आणि जसोंडीसारख्या गावांच्या छपरांवरून त्याच तारा गेल्या आहेत. पावसाळ्यात एखादी तुटून पडली, तर घरच्यांना मंडळाचा दोष शोधत बसावे लागणार नाही, तेवढे या निकालाने केले आहे. गेलेला माणूस दिवसाला काय मिळवत होता, त्याच्यामागे किती तोंडे होती आणि तो आणखी किती वर्षे राबला असता, हे मात्र त्यांनाच सांगावे लागेल, आणि ते नीट मांडणारा माणूस तेव्हा शेजारी बसलेला असायला हवा.